हुरड्याचे दिवस आणि मे महिन्यातली सहल

मागच्या मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं जालन्याला जमलो होतो. पोरांना सुट्ट्या, घर भरलेलं. "चला, शेतात जेवायला जाऊ" असं कुणीतरी म्हणालं आणि तासाभरात तीन गाड्या निघाल्या. शेतात पोचेपर्यंत अकरा वाजून गेले होते. जेवणं झाली, मोठी माणसं लिंबाखाली आडवी झाली, आणि माझा आठ वर्षांचा भाचा शेततळ्यात घसरला.

त्याला थोडंफार पोहता येतं. पण तळ्याला प्लास्टिकचा कागद. वर चढायला गेला की पाय सटकायचा, पुन्हा पाण्यात. शेतावरच्या गड्याने दोर टाकला म्हणून पोरगा हाती लागला. सुखरूप आहे, आता हसतो सुद्धा. पण त्या संध्याकाळी घरात कुणी फारसं बोललं नाही. ऐंशी पार केलेली आत्या एवढंच म्हणाली, "आपण वैशाखात कधी शेतात जेवायला गेलो होतो का रे?"

तो प्रश्न डोक्यातून जाईना.

खरंच, आपल्याकडे बाहेर जेवायला जायचं एक वेळापत्रकच होतं. कार्तिकात आवळीभोजन. आवळ्याच्या झाडाखाली पंगत, थंडी नुकती सुरू झालेली. मग लातूर, धाराशिवकडे वेळ अमावास्या, म्हणजे तिकडची 'येळवस'. तेव्हा गाव ओस पडतं आणि शेतं माणसांनी भरतात. आंबील, भज्जी, उंडे. ही सुद्धा डिसेंबर-जानेवारीतलीच. आणि आमच्या जालन्याकडे पौषातला हुरडा. गोवऱ्यांची आगटी, कोवळी कणसं, दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी. सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळी परतायचं, कारण ऊन हवंहवंसं वाटायचं.

उन्हाळ्यात लोक घराबाहेर पडत नव्हते असं नाही. चैत्रात रामनवमीला घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, उत्सव असतो. जत्रा, उरूस तर बहुतेक उन्हाळ्यातलेच. पण आत्या सांगते, बैलगाडी पहाटे चांदण्यात जुंपायची आणि ऊन चढायच्या आत झाड, विहीर, धर्मशाळा असं काहीतरी गाठायचं. दुपार सावलीत काढायची, दिवस कलला की पुढे. बैलाला ऊन सोसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मोटारीला सोसतं, आणि मग आपल्यालाही सोसेल असं आपण धरून चाललो.

मग मे महिन्याची सहल आली कुठून? मला वाटतं, शाळेच्या सुट्टीतून आणि रेल्वेतून. विसाव्या शतकाच्या तोंडावर मनमाड-सिकंदराबाद लाइन जालन्यावरून गेली. नोकरीला लांब गेलेली माणसं वर्षातून एकदा, मुलांच्या सुट्टीत, गावी येऊ लागली. सगळे एकत्र असण्याचा महिना मे ठरला, म्हणून सहलीचाही मे ठरला. गंमत बघा, शाळेच्या सहली मात्र अजून थंडीतच निघतात! शाळेने जुनं वेळापत्रक पाळलं, घरच्यांनी सोडलं.

दुसरा बदल पाण्याचा, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. वैशाखात कुंडलिका, दुधना कोरड्या पडायच्या. पोर बुडेल एवढं पाणी विहिरीत नाहीतर बारवेत, आणि बारवेला पायऱ्या. मोती तलाव किंवा निजामाच्या काळात बांधलेलं घाणेवाडी ही मोठी पाणी, पण ती सगळ्यांना माहीत असलेली. आता तसं राहिलं नाही. २०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांनी शेततळी केली होती ते तगले. कडवंचीसारख्या गावाने पाणलोटाची कामं, शेततळी आणि द्राक्षं यांवर नाव काढलं. २०१६ साली सरकारची 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. शेततळ्याने जालन्याला जगवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ऐन मे महिन्यात शिवारात काठोकाठ भरलेलं, खोल, गुळगुळीत कडांचं आणि बिनपायऱ्यांचं पाणी आपल्या आजोबांनी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे त्याबद्दलचा एकही नियम त्यांच्याकडून आपल्यापर्यंत आलेला नाही. तो आपल्यालाच करायचा आहे.

बाकीचे नियम मात्र आयते आहेत. प्रवासाला दशमी का न्यायची? पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवलं की ती टिकते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा हे उन्हाला दाद न देणारं जेवण. आज आपण भात, पनीर आणि मेयोनीजची सँडविचेस नेतो. ३२ अंशांच्या वर असं अन्न तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं आजचं शास्त्र सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

आणि चैत्रगौरीचं पन्हं! कैरी, गूळ, मीठ. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पन्हं म्हणजे औषध नव्हे, पण उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं, हे आपल्या आज्यांना बिनपुस्तकाचं कळलेलं होतं.

असो. यंदा आम्ही पुन्हा गेलो. नको म्हणणारे होते, पण पोरांना शेत तोडून टाकायचं नाही असं ठरलं. पहाटे साडेपाचला निघालो, दहाला घरी परत. दुपारी १२ ते ३ बाहेर कुणी नाही. धपाटे, दही गार डब्यात, पन्हं माठात. शेततळ्याला आता कुंपण आहे, गाठी मारलेला जाड दोर चारही बाजूंनी पाण्यात सोडलेला आहे आणि काठावर हवा भरलेली ट्यूब. तरीही एक मोठं माणूस पोरांवर नजर ठेवून, पाळीपाळीने, हातात फोन न घेता. कुणी उन्हाने बरळायला लागलं, अंग तापलं तर आधी सावली, अंगावर पाणी, वारा आणि लगेच १०८. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. हे सगळं पोरांनाही पाठ करून घेतलं.

भाचा कुंपणाबाहेर उभा राहून लहान्यांना दोर कशासाठी आहे ते समजावत होता. आत्या खाटेवर बसून ऐकत होती. निघताना म्हणाली, "बरं झालं. पण खरं जेवण हुरड्याचंच. पौषात सुट्टी काढा."

काढणार आहोत. तुमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडायची जुनी रीत काय होती, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून बघा.