रायगड परिसरातील छायाचित्रण

महाड तालुक्यातील रायगड किल्ला (उंची सुमारे ८२० मी.) व पायथ्याची हिरकणीवाडी येथील निसर्ग आणि वास्तूंचे छायाचित्रण. १९९६ साली हिरकणीवाडीतून रज्जुमार्ग सुरू झाला. जड कॅमेरे, भिंगे आणि तिपाई पाठीवर घेऊन पायऱ्या चढण्याचा व्याप त्यामुळे वाचला. दरवर्षी ६ जूनचा शिवराज्याभिषेक सोहळा टिपायला छायाचित्रकारांची रीघ लागते. गर्दीत सिंहासनाच्या जागेवरील मेघडंबरीसमोर मोकळी चौकट मिळणे मात्र मुश्कील.

खरी कसोटी पावसाळ्यात. काळ्या कातळावर पांढरे धुके चढले की कॅमेऱ्याचे प्रकाशमापक फसते व धुके मळकट करडे उमटते. म्हणून प्रकाश मुद्दाम वाढवून घ्यावा लागतो. कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधली तरी भिंगावर बाष्प धरतेच. ते पुसून मान वर करावी, तोवर टकमक टोक गायब! बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणी गवळणीच्या लोककथेमुळे हिरकणी बुरूज खूप टिपला जातो. बुरुजाखालचा तो कडा किती सरळसोट आहे, हे वाडीतून वर पाहिल्यावरच कळते.

उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) या पुस्तकात महाराष्ट्रातील किल्ल्यांची हवाई छायाचित्रे आहेत. रायगड संरक्षित स्मारक असल्याने तेथे ड्रोन उडवण्यास परवानगी लागते.