तबकडीवरून लिहिलेला इतिहास

एखाद्या कलेचा इतिहास कोण लिहितो, या प्रश्नाचे उत्तर साहित्याच्या अभ्यासकाला सहसा शोधावे लागत नाही. समीक्षक, प्राध्यापक, संपादक, वाङ्मयेतिहासाचे खंड काढणाऱ्या संस्था अशी एक परिचित यादी त्याच्यासमोर असते. जॅझ संगीताच्या बाबतीत मात्र ही यादी फारशी उपयोगी पडत नाही. त्याच्या इतिहासलेखनाची पायाभरणी प्रामुख्याने हौशी श्रोत्यांनी केली. संध्याकाळी कोणाच्या तरी खोलीत जमावे, आपापल्या पिशवीतून तबकड्या काढाव्यात, ‘हे ऐकलेस का?’ म्हणून एकमेकांना विचारावे आणि मग तास न् तास वाद घालावेत, असा त्यांचा परिपाठ असे. यांपैकी कित्येकांनी न्यू ऑर्लिन्स किंवा शिकागो ही शहरे पाहिलेलीही नव्हती. ज्या संगीताचा इतिहास ते रचत होते, ते त्यांच्यापर्यंत केवळ तबकडीच्या रूपाने पोहोचले होते. या एका वस्तुस्थितीने त्या इतिहासाला काय दिले आणि काय नाकारले, हे पाहणे संहितेशी रोजचा संबंध असणाऱ्या आपल्यासारख्यांना उद्बोधक ठरावे.

जॅझ हे मुख्यतः तत्क्षणी सुचणारे संगीत आहे. कागदावर लिहिलेली स्वरलिपी त्याचा सांगाडा दाखवू शकते, पण ट्रम्पेटच्या स्वरातील खरखर, तालाच्या किंचित मागे रेंगाळणे, एका वादकाने दुसऱ्याला दिलेले उत्तर या गोष्टी स्वरलिपीत उतरत नाहीत. त्यामुळे जॅझची संहिता म्हणजे त्याची ध्वनिमुद्रिका. ती उपलब्ध होते १९१७ पासून. आणि त्या वर्षी बाजारात आलेली पहिली जॅझ तबकडी ‘ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड’ या गोऱ्या वादकांच्या वृंदाची होती. कृष्णवर्णीयांनी घडवलेल्या संगीताचा मुद्रित इतिहास गोऱ्यांच्या तबकडीने सुरू व्हावा, ही विसंगती पुढे दीर्घकाळ पुरली. किंग ऑलिव्हरच्या वृंदाचे मुद्रण १९२३ चे, तर लुई आर्मस्ट्राँगच्या ‘हॉट फाइव्ह’चे १९२५ पासूनचे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे संगीत मावत असे. नृत्यगृहात जे वादन कितीतरी वेळ फुलत राही, ते तीन मिनिटांत बसवावे लागे. श्रोत्यांच्या हाती आली ती ही आटीव संहिता.

या श्रोत्यांची संघटना प्रथम आकाराला आली ती युरोपात. १९३२ साली पॅरिसमध्ये काही विद्यार्थ्यांच्या पुढाकारातून ‘हॉट क्लब द फ्रान्स’ उभा राहिला. उग पानासिए हा तरुण समीक्षक त्याचा अध्यक्ष झाला आणि चित्रकार रोबेर व सोनिया दलोने यांचा मुलगा शार्ल दलोने हा पुढे त्याचा कार्यवाह. १९३३ मध्ये लंडनला पहिला ‘ऱ्हिदम क्लब’ निघाला व अल्पावधीत ब्रिटनभर त्याच्या शाखा-उपशाखा पसरल्या. तेथील बैठकीची रीत ठरलेली असे: एका सभासदाने निवडक तबकड्या आणायच्या, त्या क्रमाने वाजवायच्या आणि प्रत्येकीविषयी बोलायचे. साधारण १९३५ ते १९५६ या काळात अमेरिकन वृंदांना ब्रिटनमध्ये कार्यक्रम करण्यास जवळजवळ मज्जाव होता; त्यामुळे तेथील रसिकांच्या एका पिढीला तबकडीवाचून पर्यायच नव्हता. खुद्द अमेरिकेत ‘युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका’ ही संस्था निघाली ती १९३५ मध्ये, म्हणजे पॅरिस-लंडननंतर. घरचे संगीत घराला परक्यांच्या कौतुकामुळे उमगावे, हा अनुभव आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही.

या मंडळींपुढचा पहिला प्रश्न साधा होता: वाजवतो आहे कोण? तबकडीच्या लेबलावर गीताचे नाव आणि वृंदाचे नाव असे, वादकांची नावे क्वचितच. वृंदाच्या नावावरही विसंबता येत नसे. ड्यूक एलिंग्टनचाच वृंद कधी ‘द जंगल बँड’ म्हणून, कधी ‘हार्लेम फूटवॉर्मर्स’ म्हणून विकला जाई. आर्मस्ट्राँगच्या साथीदारांनी दुसऱ्या कंपनीसाठी ‘लिल्स हॉट शॉट्स’ या नावाने वाजवलेले होते. मग श्रोत्यांनी कान हेच साधन केले. हा क्लॅरिनेट अमक्याचाच, कारण स्वर असा घसरवणे दुसऱ्या कोणाला जमत नाही, असे तर्क लढवले जात. त्याला जोड मिळाली तबकडीच्या कडेला, शेवटची रेघ आणि लेबल यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कोरलेल्या आकड्यांची. त्या क्रमांकावरून मुद्रणाची मालिका कळे, आणि एकच रचना त्या दिवशी दोनदा-तीनदा मुद्रित झाली असेल तर हाती आलेली आवृत्ती त्यांतली कितवी, हेही पुष्कळदा उलगडे.

या साऱ्या खटाटोपातून दलोनेची ‘हॉट डिस्कोग्राफी’ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. वादक, दिनांक, स्थळ, क्रमांक अशी ती वरकरणी रूक्ष सूची आहे. पण तिच्या मुळाशी असलेली दृष्टी आपल्या ओळखीची आहे. त्याच दशकात पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताच्या हस्तलिखितांची कुळे लावून पाठ निश्चित करण्याचे काम चालले होते. सुकथनकरांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले होते. दोन्ही उद्योगांची व्याप्ती आणि विद्वत्ता यांत अंतर आहे, पण पाठभेदाला अर्थ असतो आणि तो नोंदवल्याशिवाय रसग्रहण पोकळ राहते, ही श्रद्धा एकच आहे.

नावे शोधण्याचा हा ध्यास न्यूयॉर्कमध्ये लेबलापर्यंत पोहोचला. तेथील ‘कमोडोर म्युझिक शॉप’ हे मिल्ट गेब्लरचे दुकान म्हणजे रसिकांचा अड्डा. त्याने जुन्या, बंद पडलेल्या मुद्रिका हॉट क्लबच्या नावाने पुन्हा काढल्या आणि त्यांच्या लेबलांवर प्रत्येक वादकाचे नाव त्याच्या वाद्यासह छापले. ज्यांना कंपन्यांनी रोजंदारीवर बोलावून विसरून टाकले होते, त्यांना अशी सही मिळाली. पुढे १९३९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या झुंडबळीविषयीचे ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे गीत मुद्रित करण्यास बिली हॉलिडेची मोठी कंपनी तयार होईना, तेव्हा ते गेब्लरच्याच छोट्या कमोडोर कंपनीने काढले. हौशी श्रोत्यांच्या अड्ड्यातून निघालेल्या उद्योगाने बाजाराच्या भित्रेपणावर केलेली ही मात होती.

युद्धकाळात तबकडी ऐकणे हीच धाडसाची गोष्ट झाली. दलोने फ्रान्समध्ये प्रतिकार चळवळीत सामील होता आणि क्लबचे काम त्याला आडोसा म्हणून उपयोगी पडत होते. दुसऱ्या बाजूला दीट्रिश शुल्त्स-क्योन हा जर्मन हवाई दलातला अधिकारी कट्टर जॅझरसिक होता. १९४२ च्या सुमारास पॅरिसमध्ये जँगो राइनहार्ट हा रोमा गिटारवादक आणि काही कृष्णवर्णीय वादक यांच्या शेजारी तो गणवेशात उभा असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्या छायाचित्रावरून कलेच्या विश्वबंधुत्वाची सोपी कथा रचण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. अभिरुची उत्तम असूनही माणूस अमानुष राजवटीचा गणवेश घालू शकतो, हेही ते छायाचित्र तितक्याच स्पष्टपणे सांगते.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. पानासिएने १९३४ साली ‘ल जॅझ हॉट’ हा या संगीतावरचा आरंभीच्या काळातला एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला आणि त्यात गोऱ्या वादकांना मोठे स्थान दिले. १९४२ च्या ‘द रिअल जॅझ’मध्ये त्याने ते मत बदलले आणि आपली ओळख आधी गोऱ्या वादकांशी झाली, हे आपले दुर्दैव, असे कारणही दिले. या कबुलीमागचे वास्तव व्यक्तिगत नाही. अमेरिकन कंपन्या कृष्णवर्णीयांच्या मुद्रिका ‘रेस रेकॉर्ड्स’ या वेगळ्या मालिकांतून, वेगळ्या ग्राहकवर्गाला विकत. फ्रान्सपर्यंत आधी पोहोचल्या त्या दुसऱ्याच. विक्रीव्यवस्थेने केलेली निवड समीक्षेने गुणवत्तेचा निवाडा म्हणून स्वीकारली होती.

जिथे तबकडीच नव्हती तिथे श्रोत्यांनी दंतकथा भरली. न्यू ऑर्लिन्सचा बडी बोल्डन हा आद्य जॅझवादक मानला जातो. त्याचे एकही मुद्रण हाती लागलेले नाही. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात दाखल केले गेले आणि १९३१ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्यापर्यंत नेणारा साक्षीदार हवा म्हणून ‘जॅझमेन’ (१९३९) या ग्रंथाच्या लेखकांनी बंक जॉन्सन या विस्मृतीत गेलेल्या ट्रम्पेटवादकाला लुइझियानात शोधून काढले. त्याचे दात पडले होते; रसिकांनी वर्गणी काढून कवळी बसवून दिली, आणि १९४२ मध्ये त्याचे पहिले मुद्रण झाले. पण आपण बोल्डनसोबत वाजवल्याचे तो सांगत असे, आणि त्यासाठी आपले वयही वाढवून सांगत असे, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. श्रोत्यांना जे ऐकायचे होते, ते त्याने ऐकवले.

मौनाचा आणखी मोठा परिणाम १९४२ नंतर दिसला. मानधनाच्या प्रश्नावर अमेरिकन वादकांच्या संघटनेने त्या ऑगस्टपासून मुद्रणावर बहिष्कार टाकला. सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तो १९४४ च्या नोव्हेंबरपर्यंत टिकला. नेमक्या याच काळात बीबॉप ही नवी शैली आकार घेत होती. हार्लेममधल्या ‘मिंटन्स’मध्ये तिची पूर्वतयारी चालू असताना जेरी न्यूमन या विद्यार्थ्याने १९४१ मध्ये आपल्या यंत्रावर काही रात्री टिपून ठेवल्या, म्हणून तेवढा तरी दुवा उरला. बाकीचे बरेचसे स्थित्यंतर तबकडीवर उमटलेच नाही. युद्धानंतर गिलेस्पी आणि पार्कर यांच्या १९४५ च्या मुद्रिका पॅरिसला आल्या तेव्हा त्या आकाशातून पडल्यासारख्या भासल्या. दलोनेला त्यांत जॅझचे भविष्य ऐकू आले, पानासिएच्या मते ते जॅझच नव्हते. १९४७ मध्ये हॉट क्लब फुटला. न्यूयॉर्कमध्ये रोज रात्री ऐकणाऱ्याला जी क्रमाक्रमाने झालेली वाटचाल वाटली असती, ती तबकडीच्या वाचकाला क्रांती किंवा बंडखोरी वाटली.

या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ब्रिटनने अमेरिकन वृंदांना दार लावले त्याच सुमारास, १९३५ मध्ये, लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय वृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. मागाहून टेडी वेदरफोर्डही आला. चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेल्या गोव्याच्या वादकांना स्वरलिपीत न उतरणारे ते शास्त्र काही अंशी या पाहुण्यांकडून, काही अंशी तबकडीवरून मिळाले. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ हा ‘चिक चॉकलेट’ या नावाने, आर्मस्ट्राँगचा भारतीय अवतार म्हणून गाजला, सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात त्याचा वाटा आहे. पण हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे; ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन कोणी वाजवला, हे छापण्याची पद्धत नव्हती. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने आणि नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महल फॉक्सट्रॉट’सारख्या पुस्तकाने या विस्मरणाला काहीसा आळा घातला. तरी गेब्लरच्या लेबलावर १९३० च्या दशकात जे छापले गेले, ते आपल्याकडे त्या वादकांच्या हयातीत बहुधा छापले गेले नाही.

हौशी श्रोत्यांचे श्रेय म्हणून दुहेरी आहे. त्यांनी विकाऊ वस्तूला संहितेची प्रतिष्ठा दिली आणि अनामिकांना नाव दिले. पण हाती आलेली संहिता म्हणजेच संपूर्ण परंपरा, असेही पुष्कळदा मानले. छापील पुस्तकांवरून वाङ्मयाचा इतिहास शिकवणाऱ्यांना त्यांना हसण्याचा अधिकार नाही. जात्यावरची ओवी, वगातली उत्स्फूर्त बतावणी, कीर्तनकाराची जागेवर सुचलेली कोटी आपल्या किती इतिहासग्रंथांत आली आहे? दलोनेची सूची आज उघडली की तिच्यात काही ठिकाणी वादकाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आढळते. कानाला जिथे खात्री वाटली नाही, तिथे त्याने जागा तशीच ठेवली. वाङ्मयेतिहासाच्या आपल्या ग्रंथांतून अशी प्रश्नचिन्हे फारच थोडी आहेत.