जीर्णोद्धार की जतन? : जुन्या मोटारींच्या छंदाविषयी

मराठीत 'छंद' आणि 'नाद' हे दोन शब्द शेजारीशेजारी नांदतात. दोघांचेही मूळ घर काव्यशास्त्राच्या आळीत आहे; छंद म्हणजे वृत्त, नाद म्हणजे ध्वनी. व्यवहारात मात्र त्यांची प्रतिष्ठा सारखी राहिली नाही. तिकिटे जमविणाऱ्याला छंद असतो, पत्ते कुटणाऱ्याला नाद असतो. साठी उलटलेल्या माणसाने अंगणातली जुनी फियाट उघडावी आणि कोपरापर्यंत हात काळे करून घ्यावेत, याला यांपैकी कोणता शब्द लावायचा याविषयी घरोघरी मतभेद आढळतात. निवृत्त माणसाने हरिपाठ करावा, तीर्थयात्रा कराव्यात, नातवंडांना शाळेत सोडावे, अशी आपली सर्वसाधारण अपेक्षा असते. ग्रीस त्या चित्रात बसत नाही.

प्रस्तुत लेखात आम्हांला या छंदाचा थोडा इतिहास पाहावयाचा आहे, आणि तोही पारनेरच्या बाजूने. जुन्या मोटारींचा विषय निघाला की संस्थानिकांची नावे पुढे येतात. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक मोटार दसऱ्याच्या मिरवणुकीत निघते तेव्हा ती पाहावयाला गर्दी होते, आणि ते योग्यच आहे. पण संस्थानिकांच्या मोटारींचा इतिहास हा मालकीचा इतिहास आहे. सामान्य माणसाच्या जुन्या मोटारीचा इतिहास हा दुरुस्तीचा इतिहास आहे, आणि तो लिहावयाचा झाल्यास दरबार सोडून रस्त्यावर यावे लागते.

तो रस्ता पारनेर तालुक्यातून जातो. १ जून १९४८ रोजी सरकारी एस.टी.ची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, भाडे अडीच रुपये. नगरहून निघालेली ही गाडी सुप्यावरून शिरूरमार्गे पुण्यास गेली. सुपा हे पारनेर तालुक्यातले गाव. तेथून आत वळले की पारनेर. अवर्षणग्रस्त म्हणून कागदोपत्री प्रसिद्ध असलेल्या या तालुक्याच्या अंगावरून महाराष्ट्राच्या सार्वजनिक मोटारयुगाचा पहिला दिवस गेला, ही गोष्ट स्थानिक इतिहासात अधिक ठळकपणे यावयास हवी होती. असो.

आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. एस.टी.च्या आरंभीच्या ताफ्यात दहा निरनिराळ्या बनावटींच्या गाड्या होत्या : शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर आणि फियाट. दहा कंपन्या, दहा तऱ्हेचे आटे, दहा तऱ्हेचे सुटे भाग; आणि त्यांतले बहुतेक भाग बोटीने येणार किंवा येणारच नाहीत. अशा ताफ्यावर जे यांत्रिकी तयार झाले त्यांना एका गाडीचे भाग दुसरीला कसे बसवावेत, लेथवर काय घडवून घ्यावे आणि कशावाचून चालवून घ्यावे, हे शिकणे भागच होते. नगरला यात आणखी एक भर होती. ते रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र. वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्थाही तेथेच आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या तेथील रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची चिलखती मोटार पाहावयास मिळते. लष्करात ड्रायव्हर किंवा फिटर म्हणून गेलेली आणि पंधरा-वीस वर्षांनी गावी परतलेली माणसे या जिल्ह्यात गावोगाव सापडतात. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव. १९६० मध्ये ते सैन्यात दाखल झाले, ट्रक चालवीत, आणि १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर होते. १९७५ मध्ये निवृत्त होऊन परतल्यावर त्यांनी आपली पुंजी प्रथम कशात घातली? यादवबाबांच्या मोडकळीस आलेल्या मंदिराच्या जीर्णोद्धारात. हा 'जीर्णोद्धार' शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

खाजगी मोटारीची कथा कुर्ल्याला सुरू होते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आरंभी डॉज, डिसोटो, प्लायमाउथ अशा अमेरिकी गाड्या तेथे जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० आली. गोलाकार पाठीच्या आणि फुगीर नाकाच्या त्या पहिल्या गाडीला लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. (मराठी माणूस प्रेमाने नाव ठेवतो की तिरस्काराने हे नावावरून ओळखू येत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे.) १९६४ मध्ये 'डिलाइट', १९७० च्या दशकात 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' अशी तिची नावे बदलत गेली, १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मात्र तसाच राहिला. परवाना राज्यात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे हाती आलेली गाडी टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. ती एका मालकाकडून दुसऱ्याकडे, डॉक्टरांकडून वकिलाकडे, वकिलाकडून कांद्याच्या व्यापाऱ्याकडे जाई आणि प्रत्येक मुक्कामी तिचा काही भाग बदलला जाई. पेट्रोल परवडेनासे झाले की जीपमध्ये, फियाटमध्येही, डिझेल इंजिन बसवले जाई. क्रांतीनंतरच्या क्यूबातही नेमके असेच घडले. अमेरिकेशी व्यापार तुटल्यावर तेथील माणसांनी १९५० च्या दशकातील अमेरिकी गाड्यांच्या पोटात रशियन इंजिने बसविली. जगभरचे पर्यटक त्या गाड्यांची छायाचित्रे घेतात. आपल्याकडच्या गाड्यांची कोणी घेतली नाहीत, एवढाच फरक.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि चित्र बदलले. फियाट प्रथम धाकट्या भावाकडे गेली, मग टॅक्सीत, मग गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची गेली, तेव्हा अनेकांनी हळहळ व्यक्त केली. आमच्या मते त्या हळहळीत वयाचा वाटा मोठा होता. ज्यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत ही गाडी दुसऱ्याच्या दारात पाहिली, तिला हात लावल्याबद्दल ओरडा खाल्ला, ते आता साठी-सत्तरीत आहेत. त्या वयात जी वस्तू मिळाली नाही ती निवृत्तीच्या फंडातून घेता येते. प्रश्न असा की ती घेतल्यावर चालवायची कशी; कारण ती बंद पडते, आणि उघडावीच लागते.

येथे एक सामाजिक उलथापालथ घडते, आणि तिच्याकडे मराठी लेखनाचे फारसे लक्ष गेलेले नाही. आपल्या पांढरपेशा वर्गाने पिढ्यान्‌पिढ्या हत्यार हाती धरले नाही. पाना-पक्कड ही दुसऱ्यांची कामे होती. नगर-पुण्याकडच्या गॅरेजांत ती मुख्यतः मुसलमान आणि कारागीर जातींतील मिस्त्री करीत आले. त्यांची परंपरा मौखिक. उस्ताद आणि चेला यांच्यामध्ये शिव्या, चहा आणि निरीक्षण यांतून चालणारी. वयाच्या साठाव्या वर्षी महाविद्यालयातून किंवा अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळेतून बाहेर पडलेला शिक्षक जेव्हा या उस्तादापुढे चेला म्हणून बसतो, तेव्हा आयुष्यभर शिकविणाऱ्याला प्रथमच अशी विद्या शिकावी लागते जिचे पुस्तक नाही. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधले अंतर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी ठेवावयाचे असते. त्यासाठी गेज असते, हे खरे; पण मिस्त्री ते नखाने आणि अंदाजाने लावतो. कार्बोरेटर कानाने जुळवायचा असतो. शिष्याची दृष्टी अधू झालेली, कानही उतरलेले, गुडघे खड्ड्यात उतरू देत नाहीत. तरीही तो बसतो. 'गाडी मिसिंग मारते', 'इंजिन कामाला आले', 'टोचन करून आणा' ही भाषा त्याच्या तोंडी येऊ लागते, आणि घरची मंडळी चिंतेत पडतात.

पारनेर तालुक्यातील आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक गेली काही वर्षे असेच बसत आहेत. त्यांची फियाट १९६८ ची. तिच्यात मागच्या एका मालकाने डिझेल इंजिन बसविलेले आणि आर.सी. बुकात त्याची रीतसर नोंद झालेली. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मिळेल ते गोळा करून त्यांनी बाकीची गाडी उभी केली. मिस्त्री त्यांना 'गुरुजी' म्हणतात, आणि ते मिस्त्रींना 'उस्ताद'. दोघेही सत्तरीजवळचे. कोणी कोणाला नमस्कार करावा याचा पेच त्यांना पडलेला आम्ही पाहिला नाही.

आता कायद्याकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा झाली आणि 'व्हिंटेज' वाहनांना प्रथमच स्वतंत्र दर्जा मिळाला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी आणि मोटार त्यास पात्र ठरते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणीस पाच हजार. हे स्वागतार्हच आहे. पण दोन अटी आहेत. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल यांपुरतीच तिला मोकळीक. दुसरीकडे साध्या जुन्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी पुढे आणखी वाढले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या वादाची ओळख असावयास हवी, कारण हा पाठचिकित्सेचा वाद आहे. ज्ञानेश्वरी नेवाशास, म्हणजे याच जिल्ह्यात, शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. २९४ वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी प्रती मिळवून तिचे शुद्ध रूप सिद्ध केले, आणि कोणी पदरची ओवी घालू नये असा दंडक घातला. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात बाराशेहून अधिक हस्तलिखितांवरून सिद्ध केली, तिचाही हेतू प्रक्षेप बाजूला काढण्याचाच. जुन्या मोटारीचा कायदा हाच आदर्श मानतो. कारखान्यातून निघालेली गाडी ही संहिता, आणि नंतरचे सारे प्रक्षेप.

परंतु ग्रंथाच्या शेजारी आपल्याकडे देवळाचीही परंपरा आहे. २०२४ मध्ये या जिल्ह्याला ज्यांचे नाव मिळाले त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातील चौंडीच्या. काशीविश्वेश्वराचे, वेरूळच्या घृष्णेश्वराचे आज उभे असलेले मंदिर त्यांचे बांधकाम आहे. तेथील दगड मूळचा नाही म्हणून कोणा भाविकाने दर्शन अपुरे मानल्याचे ऐकिवात नाही. जीर्णोद्धारात पाहिले जाते ते एवढेच, की दिवा लागतो का. जतन करणारा म्हणतो, बदलू नका. जीर्णोद्धार करणारा म्हणतो, चालू ठेवा. ब्रिटनमध्ये लंडन ते ब्रायटन ही १९०५ पूर्वीच्या मोटारींची यात्रा १९२७ पासून भरते. तेथे जतनाचा आदर्श शोभतो, कारण तेथे सुटे भाग होते, कारखान्यांची दप्तरे होती, आणि नवी गाडी घेऊन जुनी झाकून ठेवण्याची ऐपतही होती. आपल्याकडच्या सामान्य मोटारीचे मूळ रूप टिकले नाही यात तिची हेळसांड नाही. ती वापरली गेली, एवढाच त्याचा अर्थ. तिच्यातले परके इंजिन हा दस्तऐवज आहे. तिच्या मालकाला पेट्रोल परवडत नव्हते, हे आणखी कोठे नोंदलेले सापडणार? आमच्या मते 'मूळ स्वरूप' या एका शब्दप्रयोगाने संस्थानिकांच्या गाड्या इतिहासात गेल्या आणि मास्तरांच्या, व्यापाऱ्यांच्या, ड्रायव्हरांच्या गाड्या भंगारात.

याचा अर्थ प्रत्येक जोडतोड जपावी असा आम्ही करीत नाही. ब्रेक धड नसलेली गाडी रस्त्यावर आणण्याचा अधिकार कोणत्याही परंपरेने मिळत नाही, आणि धुराचा प्रश्नही खरा आहे. परंतु फेरफाराची नोंद ठेवणारा, तो कोणत्या काळी आणि का झाला हे विचारणारा एखादा वर्ग नियमांत असावयास काय हरकत होती? संहितेच्या तळटीपांत पाठभेद दिले जातात. ते जाळले जात नाहीत.

आमच्या त्या परिचितांनी व्हिंटेज नोंदणीचा अर्ज केला नाही. इंजिनचा रकाना वाचून कागद परत पाकिटात घातला. फेरनोंदणीचे शुल्क भरून ते गाडी सुप्यापर्यंत नेतात आणि परत आणतात. अलीकडे त्यांनी वेगळेच काम हाती घेतले आहे. उस्तादांचा मुलगा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे आणि त्याला कार्बोरेटरशी कर्तव्य नाही. तेव्हा गुरुजी एक दोनशेपानी वही घेऊन गॅरेजमध्ये बसतात आणि उस्ताद सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतात. फियाटच्या मूळ इंजिनाचा ठिणगीचा क्रम, एक-तीन-चार-दोन, पहिल्याच पानावर आहे. उस्तादांची दृष्टी आता पानावर ठरत नाही, म्हणून लिहिलेले त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे लागते, आणि ते मध्येच थांबवून दुरुस्त्या सांगतात. दुरुस्त्या गुरुजी तांबड्या शाईने करतात, जुन्या सवयीने. इंजिन आणि वायरिंग उतरून झाले आहे, गिअरबॉक्स अजून व्हायचा आहे.