मानदुखी : हाताचा उपचार आणि व्यायाम यांचा दोनशे वर्षांचा प्रवास

मान दुखायला लागली की बरेच जण दोनपैकी एक गोष्ट करतात. कुणी गळ्यात पट्टा बांधून पडून राहतो, तर कुणी मान 'कट्' करून मोडून घेतो. मग डॉक्टर मात्र व्यायाम का सांगतात? हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

१८१३ साली पेर हेन्रिक लिंग यांनी स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था सुरू केली. त्यांच्या पद्धतीची एक शाखा खास रुग्णांसाठी होती. त्यात काही हालचाली रुग्णाने स्वतः करायच्या, तर काही उपचारकाने हाताने करून द्यायच्या. म्हणजे व्यायाम आणि हाताचा उपचार तेव्हा एकत्रच होते.

पुढे वाटा फुटल्या. १८९४ मध्ये लंडनला मालिशच्या नावाखाली चालणारे गैरप्रकार गाजत होते. तेव्हा चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिश करणाऱ्यांची संस्था काढली. ब्रिटनमधील फिजिओथेरपीचा पाया तोच. पुढच्याच वर्षी अमेरिकेत डी. डी. पामर यांनी पाठीच्या मणक्याला झटका देऊन एका बहिऱ्या माणसाला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला आणि त्यातून कायरोप्रॅक्टिक निघाले. मणका सरकल्यामुळे रोग होतात ही त्यांची कल्पना शास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. तरी 'मणका बसवून द्या' असे आपण आजही म्हणतोच!

ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी १९६४ च्या आपल्या पुस्तकातून वेगळी दिशा दाखवली. रुग्णाला नीट तपासून, त्याच्या दुखण्याच्या बेताने सांधा हळुवार हलवायचा, यावर त्यांचा भर होता. आपल्याकडे फिजिओथेरपीचे शिक्षण पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले.

मग प्रत्यक्ष तुलना झाली. २००२ साली नेदरलँड्समध्ये मानदुखीच्या १८३ रुग्णांवरील अभ्यासात ७ आठवड्यांनी हाताच्या उपचाराने सुमारे ६८ टक्के, व्यायामप्रधान फिजिओथेरपीने ५१ टक्के, तर नेहमीच्या डॉक्टरी उपचाराने ३६ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. वर्षभराने हा फरक कमी झाला. २०१२ मध्ये अमेरिकेतील २७२ रुग्णांच्या अभ्यासात, दोन बैठकांत शिकवलेले घरगुती व्यायाम मणक्यांवरील हाताच्या उपचाराइतकेच उपयोगी ठरले आणि दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले.

यातून तुम्ही काय घ्यायचे? प्रशिक्षित हात वेदना लवकर कमी करू शकतात. पण ते हात रोज तुमच्या घरी येणार नाहीत, व्यायाम मात्र रोज करता येतो. पट्टा लावून दिवसेंदिवस पडून राहू नका. आणि दाढी-कटिंगनंतर मान मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. ती क्वचित असली, तरी धोका खरा आहे.

हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणे, ताप, किंवा अपघातानंतरचे दुखणे असेल, तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.