बेवारस राहिलेला एक अल्बम

१९८८ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या ‘सॅबट’ या वाद्यवृंदाचा ‘हिस्टरी ऑफ अ टाइम टु कम’ हा पहिला अल्बम निघाला. थ्रॅश मेटल, म्हणजे विलक्षण वेगवान ड्रम आणि कर्कश गिटार यांचे संगीत. त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘मेटालिका’चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ आला आणि त्याच्या गाजावाज्यात ही ब्रिटिश कृती झाकोळली. तरीही तिकडच्या रसिकांनी तिची आठवण जपली. पुढे ती पुन्हा प्रकाशितही झाली.

त्याच १९८८ साली मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ प्रसिद्ध केला. हे थ्रॅश नव्हे, हार्ड रॉक. पण गाणी स्वतःची. उदय बेनेगल गात, महेश टिनाईकर गिटार वाजवीत. परदेशी गाणी हुबेहूब वाजविणारा तोच चांगला वादक, असे श्रोतेच मानीत असत, त्या काळात हे धाडस होते.

मग तो मागे का पडला? आमच्या मते पहिले कारण काळाचे. उपग्रह वाहिन्या १९९१ नंतर आल्या. तोवर घरोघरी दूरदर्शनच होते. १९९३ मध्ये याच मंडळींनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले, तेव्हा वाहिन्यांनी त्यांना देशभर पोहोचविले. पहिला अल्बम मात्र मागेच राहिला. धोबी तलावच्या रंगभवनात रॉकचे कार्यक्रम रंगत. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे पुढे तेही थांबले. राळेगावसारख्या कापसाच्या गावात आमच्या हाती हा अल्बम पडला तो फार उशिरा, नक्कल केलेल्या कॅसेटवर, घरघरीसकट.

दुसरे कारण अधिक बोचणारे आहे. इंग्रजीच्या जगाला हे अनुकरण वाटले, आम्हां मराठी माणसांना परके. पण हार्मोनियमही युरोपातूनच आली होती, आणि तिच्यावाचून नाट्यसंगीत आज कल्पिता येत नाही. वाद्य परके म्हणून गाणे परके ठरत नाही, हे आपण तेथे मान्य केले. येथे केले नाही. महाराष्ट्राच्या राजधानीत घडलेले हे संगीत महाराष्ट्राच्या संगीतेतिहासात नोंदले जाऊ नये, यात त्या अल्बमपेक्षा आपलेच नुकसान अधिक आहे. तो आवडावा असा आमचा आग्रह नाही. तो आपल्या घरात घडला, एवढे तरी लिहून ठेवावे.