परवाना कोणत्या राज्याचा?

कॅलिफोर्नियात कामावर जखमी झालेल्या कामगाराच्या डॉक्टरने शस्त्रक्रिया किंवा औषध सुचवले, की ती मागणी मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या वतीने तपासली जाते. तपासणारा रुग्णाला पाहत नाही, फक्त कागद वाचतो. या छाननीला ‘युटिलायझेशन रिव्ह्यू’ म्हणतात. नाव जुने आहे. १९६५च्या मेडिकेअर कायद्याने रुग्णालयांना या नावाच्या समित्या नेमायला लावल्या होत्या.

कामगारांसाठी ही छाननी सक्तीची झाली ती २००३च्या सिनेट विधेयक २२८ मुळे. त्यातून कामगार संहितेत आलेले कलम ४६१० आरोग्य योजनांसाठी १९९९ साली झालेल्या कायद्याशी इतके जुळते, की त्याचे कूळ लपत नाही. मागणी मंजूर करायला डॉक्टर लागतोच असे नाही. नाकारायला किंवा बदलायला मात्र त्या विषयाचा जाणकार, परवानाधारक डॉक्टरच हवा. छाननीवर देखरेख करणाऱ्या वैद्यकीय संचालकाकडे कॅलिफोर्नियाचा निर्बंधमुक्त परवाना असला पाहिजे, असे कलम स्पष्ट सांगते. प्रत्यक्ष नकार लिहिणाऱ्याचा परवाना कुठला, याबद्दल ते गप्प आहे.

वाद या मौनातूनच उगवला. त्याच संहितेचे कलम ३२०९.३ ‘फिजिशियन’, म्हणजे डॉक्टर, या शब्दात मानसशास्त्रज्ञ, दंतवैद्य, कायरोप्रॅक्टर आणि ॲक्युपंक्चर करणाऱ्यांनाही धरते, पण कॅलिफोर्नियाच्या कायद्याने परवाना मिळालेल्यांनाच. छाननीच्या नियमावलीने यादी जवळपास तीच ठेवली आणि परवाना मात्र ‘कोणत्याही राज्याचा किंवा वॉशिंग्टन डी.सी.चा’ चालेल असे केले. टेक्सासमध्ये बसलेला डॉक्टर लॉस एंजेलिसच्या गवंड्याची पाठीची शस्त्रक्रिया नाकारू शकतो, ते या शब्दांच्या जोरावर. कॅलिफोर्नियाचा परवानाच नसेल, तर तो रद्द करण्याची धमकी तिथले वैद्यकीय मंडळ कशी देणार, हा कामगारांच्या बाजूचा सवाल होता आणि तो बिनतोड होता.

विधिमंडळाने परवाना कॅलिफोर्नियाचाच हवा अशी विधेयके मंजूर केली. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ती नाकारली आणि २०११ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनीही. आरोग्य योजनांना एक आणि कामगारांना दुसरा निकष लावण्यात अर्थ नाही, असे ब्राउन यांचे म्हणणे. म्हणजे कलम ज्या घरातून आले, त्याच घरचा दाखला त्याच्या आड आला.

२०१२च्या सिनेट विधेयक ८६३ ने नकारावर दाद मागण्यासाठी स्वतंत्र वैद्यकीय तपासणी आणली. त्या तपासनीसाचा परवानाही कोणत्याही राज्याचा चालतो. मात्र विषयाच्या अनुभवासाठी बाहेरचा डॉक्टर गरजेचा नसेल, तर कॅलिफोर्नियाच्या परवानाधारकाला प्राधान्य द्यावे, असे तिथे लिहिले गेले.