पैशाचा माग

माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानाचं. ‘सामाजिक जाळं’ म्हटलं की डोळ्यांसमोर ठिपके आणि रेषा यायच्या. भिवंडीत प्रश्नावली घेऊन गेले, तेव्हा कांड्या भरता भरता एक बाई म्हणाल्या, “मी काही करत नाही, घरीच असते.” मीही तसंच लिहून घेतलं. ठिपका तिथेच पुसला गेला!

भिवंडीबद्दल वाचाल तर पुरुषच भेटतील: उत्तर भारतातून आलेले मोमीन विणकर, सूत देऊन कापड विणून घेणारे व्यापारी, मजुरीवर माग चालवणारे छोटे मालक. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि बरंचसं काम यंत्रमागांकडे वळलं. या धंद्यात उधारी चालते ओळखीवर, आणि ओळखी होतात बाजारात, चहाच्या टपरीवर. बाई तिथे दिसत नाही, म्हणून तिचं जाळं ‘लहान’ असं लिहून आपण मोकळे होतो.

पण नोंद करणाऱ्याने विचारलं काय होतं? कुटुंबाच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरायचं, हे जनगणनेच्या प्रश्नातच स्पष्ट आलं ते १९९१मध्ये. त्याआधीचे आकडे वापरताना हे विसरू नका.

आता गिरणगावातल्या खाणावळवाल्या बघा. गिऱ्हाईक होतं, उधारी होती, पण तारण नव्हतं. म्हणून सावकाराशिवाय गत नव्हती. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायका गटाने एकमेकींना जामीन राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं. शेजारपाजारची ओळख बँकेच्या कागदावर पहिल्यांदाच उमटली.

म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की नवी माहिती बहुधा दूरच्या ओळखींतून येते. जवळची मैत्रीण जामीन राहील. पण नवा व्यापारी कोण, हे तिलाही ठाऊक नसेल तर? धंदा टिकतो, वाढत मात्र नाही.

तेव्हा प्रश्नावली करताना ‘तुमचा व्यवसाय काय?’ एवढ्यावर थांबू नका. ‘शेवटची उसनवारी कुणाकडून?’ आणि ‘सुताचा भाव कुणाकडून कळतो?’ हे दोन्ही विचारा. पहिल्याने जाळं दिसतं, दुसऱ्याने ते कुठवर पोचतं ते कळतं. मी त्या बाईंकडे पुन्हा जाणार आहे. या वेळी सुरुवात कांड्यांपासून.